किल्टवरचा कोट

प्रिय ऊना,

माझं अक्षर पाहून घाबरून जाऊ नकोस. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. एफीचा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण त्या गुडघ्याबद्दल ती इतक्या हौसेने बोलते की तो बरा झाला तर तिला करमायचं नाही. सध्या आपल्या मॅलेगला संध्याकाळ म्हणून संपत नाही. सूर्य रम बेटाच्या मागे जातो आणि तरी त्याचा उजेड पाण्यावर रेंगाळत राहतो, निरोप घेऊन झाल्यावरही उंबऱ्यात बोलत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा. मी वरच्या खोलीत खिडकीपाशी बसलोय. शिवणाचं टेबल मोकळं झालंय, खडूची पूड अजून पुसलेली नाही, आणि समोर एग बेट मधेच दिसतंय, मधेच धुक्यात विरघळतंय. अशा उजेडात आत्ताचं काय आणि मागचं काय हे माझं मलाच नीट कळत नाही. पत्रात काही पुढेमागे झालं तर सांभाळून घे. तुझं घर इथून हाकेच्या अंतरावर, धुराडं तर खिडकीतून दिसतं. पण समोरासमोर आलो की आपण दोघंही हवेवर बोलतो, वाऱ्यावर बोलतो, आणि मग तुला एकदम काहीतरी काम आठवतं. कागदाचं तसं नसतं, म्हणून कागद घेतला.

मे महिना सरता सरता एका दुपारी दारावर थाप पडली. एफी मागे कोंबड्यांशी भांडत होती, म्हणून मीच दार उघडलं. बाहेर एक उंच, रुंद हाडापेराचा माणूस, हातात प्लास्टिकची पिशवी, नखांत इंजिनाचं काळं तेल. "मिस्टर गिलीस? किल्टवरचे कोट तुम्ही शिवता?" मी म्हटलं, "शिवत होतो. आता नुसती दुरुस्ती. लोकांची पोटं सुटतात, मी त्यांना थोडं कापड सोडून देतो." तो हसला नाही. पिशवीतून त्याने चौकडीचा, घागऱ्यासारख्या चुण्यांचा किल्ट काढला आणि बाप्तिस्म्याला तान्हं मूल धरतात तसा दोन्ही हातांवर आडवा धरला. "ऑगस्टमध्ये माझं लग्न आहे," तो म्हणाला. "कमरेखालचं ठरलंय. कमरेवरचं सगळं अधांतरी आहे." किल्ट मी पाहताक्षणी ओळखला. तुझ्या आर्चीमामाचा. त्या चुण्यांना मी किती वेळा वाफ दिलीय त्याला गणती नाही. आणि माणूसही ओळखला. बोटदुरुस्तीच्या यार्डाजवळ, धक्क्यावर, मी त्याला तुझ्या शेजारी बसून एकाच कागदातले चिप्स खाताना पाहिलं होतं. तू हसत होतीस. मान मागे टाकून हसायची तुझी ती जुनी तऱ्हा मला लांबूनही कळली, आणि मी आपला दुसऱ्या रस्त्याने घरी आलो होतो.

"बोगदान," त्याने नाव सांगितलं. "पोलंड. ग्दिनिया बंदर." मी विचारलं, "आणि नवरी?" तो किल्टकडे बघत म्हणाला, "नवरी इथली." एवढंच. मीही पुढे विचारलं नाही. तेवढ्यात एफी मागून आली. तिने त्याला पाहिलं, किल्ट पाहिला, मला पाहिलं, आणि "आत ये बाबा, दारात उभं राहून कोट होत नसतो," असं म्हणत चहा ठेवायला गेली. जाता जाता माझ्या पायावर पाय देऊन गेली. आमच्या संसारात त्याचा अर्थ 'तोंड मिटून बैस' असाच होत आलाय.

तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला गावाने किती छळलं असेल याची तुला कल्पना आहे का? आर्चीमामाचं म्हणणं, लग्न म्हणजे काळा आखूड कोट, चांदीची बटणं, मागे दोन शेपट्या, पुढे खोल गळ्याचा वेस्टकोट आणि गळ्याशी काळा बो-टाय. "त्याच्याशिवाय उभा राहिलास तर मी चर्चच्या बाहेर थांबेन," म्हणे. यार्डातली पोरं म्हणाली, मखमलीचा उंच गळ्याचा कोट घाल आणि गळ्याशी लेसची झालर सोड, फोटो झकास येतात. त्याच्या आईने ग्दिनियाहून कळवलं, वेस्टकोट पांढरा हवा, बोही पांढरा हवा, माझा मुलगा काय पोत्यातून आलाय? आणि फोनवर कुठल्याशा शहाण्याने त्याला सांगितलं होतं की हल्ली कोट घालतच नाहीत, नुसता दोऱ्या बांधलेला सैल सदरा घालतात. हे ऐकल्यावर एफीने बशी खाली ठेवली. "दोऱ्या बांधलेला सदरा? मेंढ्या कातरायला निघालायस की लग्नाला?" तेव्हा तो पहिल्यांदा हसला. एक पुढचा दात किंचित तुटलेला आहे ना त्याचा? हसू त्यातून निसटल्यासारखं येतं.

मी त्याला किल्ट नेसवून मधोमध उभं केलं आणि माझा नेहमीचा पाठ म्हणायला लागलो. तू तो तोंडपाठ ऐकलेला आहेस. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तू शिंगाची बटणं लावायचीस आणि माझ्या आधी माझी वाक्यं म्हणायचीस. किल्टवरचा कोट आखूडच हवा, कारण चुण्यांना खाली पडायला जागा लागते. साधा लांब कोट वर घातला तर माणूस टॉवेल गुंडाळून दार उघडायला आल्यासारखा दिसतो. वेस्टकोट असा बेतायचा की किल्टचे पट्टे झाकले जातील आणि सदऱ्याची पांढरी फट मधून डोकावणार नाही. वेस्टकोट असला की कमरेला पट्टा नको. किल्टला चौकडी आहे तेव्हा टायलाही चौकडी नको, नाहीतर बघणाऱ्याला घेरी येते. दुपारच्या लग्नाला ट्वीडचा, म्हणजे जाड लोकरी, किंवा साधा दिवसाचा कोट, वर लांब टाय. संध्याकाळच्या नाचाला काळा कोट आणि बो. "पण माझं लग्न दुपारी दोनला आणि नाच संध्याकाळी," बोगदान म्हणाला. "मधे मी काय करू? बोटीवर जाऊन बदलू?" त्याच्या या प्रश्नाला गेली कितीतरी वर्षं कोणाकडे सरळ उत्तर नाही, आणि निम्मे नवरे त्यातच घामाघूम होतात. मी म्हटलं, "तू सकाळी आरशात बघशील तेव्हा ज्यात तुला तूच दिसशील, ते घाल. नाच आपोआप होतो."

हे बोललो खरा, पण बोलताना माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ऊना, तुला सांगायचं म्हणजे, त्या खोलीत किल्ट नेसून, नुसत्या सदऱ्यावर, खिडकीकडे तोंड करून उभा राहिलेला शेवटचा मुलगा आमचा सोर्ली होता. तोच पाठ मी त्याला म्हणून दाखवत होतो आणि तो मला वेडावत होता. तू तेव्हा खाली एफीबरोबर होतीस. तुला वर यायची बंदी होती, म्हणून तू जिन्याच्या पायऱ्या मुद्दाम वाजवत होतीस. तो कोट झाला, बटणं लागली, आणि कोळंबीच्या मोसमात तो कामाला होता ती बोट रमच्या पलीकडून परत आली नाही. तुमच्या लग्नाचा, तो कोट घालायचा दिवस आलाच नाही. त्यानंतर मी दुसऱ्यांचे कोट सैल केले, घट्ट केले, अस्तरं बदलली. पण कापड पसरून, खडूने पहिली रेघ ओढून, नवा कोट म्हणून बेतला नाही. कोणाला सांगितलं नाही. हात दुखतात म्हणायचो. एफीला माहीत होतं. आणि तुला माहीत असणार, कारण इतकी वर्षं दर रविवारी सूप प्यायला यायचीस तेव्हा या टेबलावर तुला कधी नवं कापड दिसलं नाही. तू कधी विचारलं नाहीस. हिवाळ्यापासून तुझं येणं थांबलं तेव्हा आम्हीही विचारलं नाही. एफी मात्र अजून रविवारी सूप जास्तच करते आणि मला दोन दिवस तेच पाजते.

आठवड्याने बोगदानच्या व्हॅनमधून आम्ही फोर्ट विल्यमला गेलो, मी जिथे उमेदीची वर्षं घालवली त्या दुकानात. मालकिणीने त्याला एकामागून एक कोट चढवले. काळ्या आखूड कोटात तो पफिन पक्ष्यासारखा दिसत होता, अगदी छाती पुढे काढून उभा. मखमलीच्या कोटात गळ्याशी झालर बांधली तेव्हा त्याने हनुवटी वर करून आरशात पाहिलं आणि म्हणाला, "माझी आजी केकखाली असाच कागद ठेवायची." मालकिणीला हसू आवरेना. राखाडी दिवसाचा कोट त्यातल्या त्यात बरा होता, मनगटावर तिरकी पट्टी, खिशांवर झाकणं, सगळं जिथल्या तिथे. पण त्यात तो कोणाच्या तरी दफनाला आलेल्या बँकेच्या मॅनेजरसारखा वाटत होता. त्या दुकानात तीन पाखी आरसा आहे. मी बाजूला उभा राहून बघत होतो. त्यात तीन पाठमोरी माणसं दिसत होती, आणि दुपारच्या पेंगुळलेल्या उजेडात मला क्षणभर वाटलं, त्यातला एकजण वळेल आणि म्हणेल, "बाबा, पुरे आता, पोटात कावळे ओरडतायत." कोणी वळलं नाही. बोगदान सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस्टर गिलीस, तुम्ही बसा. तुम्ही पांढरे पडलायत."

परतताना मोरारच्या वाळूपाशी त्याने व्हॅन उभी केली. भरती उतरलेली, वाळू दुधासारखी, पाणी काचेसारखं, आणि बेटं पाण्याच्या थोडी वर तरंगल्यासारखी. आम्ही व्हॅनच्या पायरीवर बसलो. त्याच्यापाशी नुसतं बसता येतं, हे तुला ठाऊकच असेल. तिथे बसल्या बसल्या माझ्या मनाने एक गोष्ट ठरवून टाकली, मला न विचारता. घरी आल्यावर मी त्याला वर नेलं, कपाट उघडलं आणि सोर्लीचा कोट काढला. निळसर राखाडी ट्वीडचा, तुला आठवत असेल. कापड तूच निवडलं होतंस. मी म्हटलं, "हा जरा घालून बघ. मापासाठी." मापासाठी! टेप माझ्या गळ्यातच होती.

आणि तो कोट त्याला झाला, ऊना. खांद्यावर बसला, पाठीवर बसला, वेस्टकोटची सगळी बटणं बिनतक्रार लागली. मी मागे उभा राहून कॉलर सारखी केली आणि माझे हात तिथेच राहिले. समुद्राचा उजेड छतावर हलत होता. मी किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. एफी चहा घेऊन वर आली आणि दारात थबकली. ती रागावेल असं मला वाटलं. ती रागावली नाही. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, तहानलेल्या माणसासारखी, आणि मला त्या बघण्याचीच जास्त भीती वाटली.

बोगदानने आरशात पाहिलं. मग एकेक बटण सावकाश काढलं, कोट उतरवला, अस्तर बाहेर येईल असा नीट घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. "फार सुंदर कोट आहे," तो म्हणाला. "पण हा सोर्लीचा आहे." एफीने बशी तशीच कपाटावर ठेवली. मी विचारलं, "तुला माहीत होतं?" "पहिल्या दिवसापासून. आर्चीने सांगितलं. ऊना सोर्लीचं नाव घेत नाही. ती तुमच्या घरासमोरून जात नाही, खालच्या वाटेने लांबून जाते. मी विचारलं, का? ती म्हणाली, त्यांच्या दारावरून मी माझं सुख मिरवत कशी जाऊ?" त्याने जरा थांबून शब्द शोधले. "म्हणून मी मनाशी म्हटलं, आपणच जाऊ. कोट तर लागतोच आहे. ते मला हाकलून देतील, नाहीतर शिवून देतील. दोन्हीपैकी एक कळेल." मी गळ्यातली टेप काढून गुंडाळायला लागलो. शेवटी एफीच म्हणाली, "हाकलायला तू काय मांजर आहेस? आणि हे बघ, सकाळपासून उपाशी आहेस ना? खाली चल. लोणी लावलेले स्कोन गार होतायत." जिन्यावर ती पुढे आणि तो मागे. अर्ध्या जिन्यात ती थांबली, वळली, आणि त्याच्या तेलकट हातावर नुसता हात ठेवला. मग ती म्हणाली, "नखं मात्र लग्नाआधी घासायची हं. ब्रशने."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर नवं कापड पसरलं. कापड त्याने स्वतः निवडलं, माझ्या पेटीत पडून राहिलेल्या जुन्या ताग्यांतून. रंग मी सांगणार नाही. त्याने मला बजावलंय, "तिला सगळं सांगितलंत तरी चालेल, रंग नाही." ट्वीडचा आहे एवढं सांगतो, दिवसाचा, आणि त्यातच संध्याकाळी नाचायचं असं ठरलंय. आर्चीमामाला मी परस्पर गप्प केलं. तो तणतणत आला होता, "अरे रॅनल्ड, म्हातारपणी तुझी अक्कल गहाण पडली का? नवरा ट्वीडमध्ये? लोक म्हणतील साल्मन पकडायला निघालाय!" मी म्हटलं, "तू स्वतःच्या लग्नात काळ्या कोटात एवढा घामाघूम झाला होतास की पाद्रीबाबांनी तुला पाणी पाजलं. विसरलास?" विसरला नव्हता. चहा पिऊन गेला.

पहिली रेघ मी दोनदा पुसून तिसऱ्यांदा ओढली. वयामुळे असेल. पण मग माप पुन्हा घेताना एक गंमत झाली. बोगदानचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. जन्मभर जड पाने फिरवून आणि इंजिनं उचलून तो उतरलाय. आदल्या दिवशी सोर्लीच्या कोटात मला ते दिसलंच नव्हतं. मला दिसायचं नव्हतं. आता बाहीचा मुंढा वेगळा कापावा लागला, उजवीकडे आतून एक जास्तीचा थर घालावा लागला, कॉलर किंचित फिरवावी लागली. कच्च्या शिलाईचे धावदोरे घालत गेलो तसतसं ते कापड सोर्लीचं होईना, माझ्या आठवणीचं होईना. ते एका जिवंत माणसाचं व्हायला लागलं, जो खाली स्वयंपाकघरात एफीच्या गळक्या नळाखाली आडवा होऊन गाणं गुणगुणत होता. सुई चालत राहिली. खिडकीतून पाणी दिसत राहिलं. किती वर्षांनी त्या पाण्याकडे मी 'कुठे आहेस रे' असं न म्हणता पाहिलं. नुसतं पाणी होतं. निळं होतं. एक बोट आत येत होती.

टायचा प्रश्न मात्र दोन बायकांनी सोडवला. पांढरा बो की रंगीत टाय, यावरून त्याची आई हालिना अडून बसली होती. एका संध्याकाळी त्याने फोन लावला, पडद्यावर ती, इकडे एफी. एकीला दुसरीची भाषा येत नाही, पण दोघींनाही ऐकून घ्यायची सवय नाही, त्यामुळे काही अडलं नाही. एफी ओरडून म्हणाली, "बो नको हो! मान आखूड आहे त्याची! बैलाला फीत बांधल्यासारखं दिसेल!" हालिनाने तिकडून काहीतरी तितक्याच तावातावाने सुनावलं. बोगदान मधे उभा राहून दोघींची वाक्यं अर्धीमुर्धी इकडून तिकडे नेत होता आणि निम्मी गिळत होता. मग एफीने फडताळातून मुरंब्याच्या बरण्या आणल्या आणि एकेक पडद्यासमोर धरायला लागली. हा रंग? नाही. हा? नाही. हालिना उठून गेली आणि स्वतःच्या बरण्या घेऊन आली. बराच वेळ दोघी एकमेकींना नुसत्या बरण्या दाखवत होत्या. शेवटी दोघींच्या हातात एकाच रंगाची बरणी आली आणि दोघीही एकदम थांबल्या. हालिना रडायला लागली. एफी म्हणाली, "हिला काय झालं आता?" बोगदान म्हणाला, "ती म्हणते, माझ्या मुलाला तिथे कोणीतरी आहे." एफीने ॲप्रन डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "सांग तिला, बो मात्र नाही." त्या रंगाचा लोकरी टाय ती स्वतः विणतेय. कोणती बरणी, ते विचारू नकोस.

काल शेवटचं फिटिंग झालं. किल्ट, वेस्टकोट, कोट. टाय अर्धाच विणलेला, सुया लटकत असलेला, एफीने तसाच त्याच्या गळ्याशी धरला. तो खिडकीपाशी उभा राहिला. मी चुण्या पाहिल्या, पाठ पाहिली, उजवा खांदा पाहिला. सगळं त्याचं होतं. त्याने आरशात पाहिलं आणि तुटक्या दातातून हळूच हसू निसटलं. "हा मीच आहे," तो म्हणाला, जरा नवल वाटल्यासारखं. एफी त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "आता लग्न करावंच लागेल बाबा तुला. एवढा कोट दुसऱ्या कशाला वाया घालवता येणार नाही." शिलाईचं विचारलं तर मी त्याला सांगितलंय, आमच्या घरच्या लहान बोटीचं इंजिन बघून दे. सोर्ली गेल्यापासून ती ताडपत्रीखाली आहे. तो म्हणाला, बघतो.

आणि सोर्लीचा कोट. तोही तुला सांगायला हवा, नाहीतर तू मनात काहीबाही आणशील. आज सकाळी मी खाली आलो तर एफी तोच घालून कोंबड्यांना दाणे टाकत होती. बाह्या दोनदा दुमडलेल्या, खिशात मका. मी बघतच राहिलो. "कपाटात टांगून तो कोणाची थंडी घालवत होता?" ती म्हणाली. "वारा आहे बाहेर. ऊब चांगली आहे याला. तू चांगला शिवलायस." मग मीही दाण्यांची परात धरून तिच्याजवळ उभा राहिलो. कापड अजून चिवट आहे. मला बरं वाटलं, ऊना, खरंच बरं वाटलं.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. गावात तुझ्या लग्नाची आमंत्रणं पोचलीत. आर्चीमामाच्या मांडणीवर एक आहे, पोस्टाच्या खिडकीत एक लावलंय, दुकानवाल्या बाईंनी तर मला वाचूनही दाखवलं आणि मग जीभ चावली. आमच्या दारात आलं नाही. का आलं नाही ते आम्हाला कळतं, पोरी. तू आम्हाला विसरली नाहीस; आम्हाला चर्चच्या बाकावर बसवून दुसऱ्या कोणासाठी वाजणारे बॅगपाइप ऐकायला लावायचं तुझ्या जिवावर आलं. तू आम्हाला वाचवलंस. पण आम्हाला वाचायचं नाहीये. बोगदानने आम्हाला बोलावलं नाही. ते त्याचं काम नाही हे त्याला कळतं, आणि म्हणूनच मी म्हणतो, माणूस चांगला निवडलास. आम्हाला तू बोलवायला हवं. मागच्या बाकावर चालेल, दाराशी चालेल, एफीला गुडघ्यामुळे कडेची जागा लागेल एवढंच. तिने माझ्यापासून लपवून लग्नात घालायला टोपी आणलीय आणि मी ती पाहिलेली नाही असं दाखवतोय. तू आमची सून व्हायची होतीस, ते राहिलं. पण त्याआधी आणि त्यानंतरही तू रविवारची आमची पोर होतीस, आणि आमच्या पोरीचं लग्न आहे. एक ओळ लिही, किंवा लिहूही नकोस. खालच्या वाटेने न जाता आमच्या दारावरून जा आणि आत हाक मार. रविवारी सूप आहेच.

तुझाच, वाट बघणारा,
रॅनल्डकाका